जित्या मानेला सुरगाठ

माझ्या रागाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. गिऱ्हाईक वस्तू उलटीपालटी करून वर नाक मुरडायला लागलं की मी ती त्याच्या हातातून काढून घेतो आणि आत ठेवून देतो. बायको म्हणते, आवं, भांडायलाच बसायचं तर पारावर बसा की, दुकान कशाला मांडलं? माय मात्र हसायची. म्हणायची, "चामडं टोचायची आरी टोकदारच असती बाई, तिला धरायला मूठ लागती." मूठ म्हणजे ती स्वतः, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं गाव जवळा बाजारच्या शेजारचंच. घरात चामड्याचं काम बापजाद्यापासूनचं, जोडीला थोडी जमीन आणि दावणीला बैल. बैलाच्या गळ्यात घंटी बांधायला चामड्याच्या बारीक पट्ट्यांची, म्हणजे वाद्यांची, वेणी घालतात. तो गोफ. वाद्या कापायचं आणि वेणी घालायचं काम बापाचं, वेणीवरची गाठ बांधायचं काम मायचं. ही गाठ दिसायला कापसाच्या मिटलेल्या बोंडासारखी, म्हणून आमच्या घरात तिला बोंडच म्हणत. बाजारात लोक गोफ हातात घेऊन आधी बोंड बघायचे, मग बाकीचं. पण ती नुसती शोभेची गाठ नव्हती. ती गोफावर सरकायची. वर सरकवली की गोफ मानेशी नीट बसायचा, खाली ओढली की ढिला होऊन शिंगांवरून निघून यायचा. गोऱ्ह्याच्या गळ्यात घातलेला गोफ त्याचा बैल झाला तरी चालायचा. पुढं म्हातारपणी मान वाळली की तोच थोडा आवळून घ्यायचा.

बोंड बांधायला मी मायकडूनच शिकलो, शिव्या खात शिकलो. वादी भिजवायची, डाव्या हाताच्या दोन बोटांवर गुंडाळायची, एका फेऱ्याखालून काढायची, दुसऱ्यावरून न्यायची, आणि हे सगळं गोफावर चढवून हळूहळू ओढत आणायचं. खरी गोम शेवटी होती. ओलं चामडं वाळताना आकसतं. ओलेपणी गाठ कशी छान, घट्ट, देखणी दिसते! पण वाळली की गोफाला असा चावा घेते की बाप जन्मात सरकत नाही. म्हणून माय गाठीच्या पोटात तुरकाठीची बारीक काडी ठेवायची आणि गाठ वाळली की काडी ओढून काढायची. वर करडीच्या तेलाचं बोट फिरवायची. माझी पहिली सगळी बोंडं देखणी झाली आणि एकही सरकलं नाही. "निरगाठ मारली मेल्या," असं म्हणून ती रापीनं कापून टाकायची. रापी फिरवताना तिचा हात जराही अडखळायचा नाही.

त्या बाबतीत ती फार कडक होती. जित्या मानेला निरगाठ न्हाई, हे तिचं पालुपद. तिच्या नवेपणी आमच्याच गोठ्यात घाईघाईत कुणीतरी कालवडीला निरगाठ मारलेलं दावं घातलं होतं. कालवड खुंट्याला अडकून पडली, गाठ काही सुटेना, आणि रापी शोधून आणेपर्यंत कालवड गेली. हे मायनं मला एकदाच सांगितलं. परत विचारलं तर उठून गेली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं आणि गोफ विकत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं घेऊन यायचं. तो ते बैलाला बांधतो, मग आपण आपला गोफ काढून घ्यायचा, घरी येऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगायचा, आणि मागं बघायचं नाही. आमच्या गोठ्यात खुंट्यांची एक रांगच होती. बैल विकून आल्यावर बाप हातपाय धुवायला जायचा आणि गोफ टांगायचं काम माय करायची. टांगताना बोंड एकदा चिमटीत दाबायची. रडायची नाही, पण त्या दिवशी तिच्या हातच्या भाकरी करपायच्या.

मग ट्रॅक्टर आले. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात तसं बैलांचं झालं. बाप गेला, आमची शेवटची जोडी गेली. गोठ्यात आता माझी मोटारसायकल उभी असते आणि ज्वारीचा कडबा ठेवायच्या जागी बायको सरपण ठेवते. माझ्या दुकानात पोरं येतात ती गाडीच्या चावीला गोफ मागायला. गळ्यात घालायचा, खाली चावी लोंबत ठेवायची, असली फॅशन. मी त्यावर बोंड बांधून देतो. पोरं ते दिवसभर वरखाली सरकवत बसतात. काहून सरकतं, हे एकालाही विचारावं वाटत नाही. जाऊ द्या. माझ्या पोटाला भाकरी मिळते.

मायला विसर पडायला लागला तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. चुलीवर दूध ठेवून विसरली, चष्मा डोळ्यांवर असून शोधत बसली, असलं कुणाच्या घरात होत नाही? पुढं ती बापाला जेवायला हाक मारायला लागली. बाप जाऊन किती वर्षं झाली होती! मी आपला तोंड फाडून ओरडायचो, "माय, त्यो गेला! कितींदा सांगू?" आणि दरवेळी तिला ते पहिल्यांदाच कळायचं. ती मटकन खाली बसायची. शेवटी बायकोनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "रोज काहून मारता त्यांच्या नवऱ्याला? शेतात गेलेत म्हणा की." तेव्हापासून बाप शेतात असतो.

हिंगोलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे वाढतच जाणार, तुम्ही फक्त जपा. जपा म्हणजे काय करा, ते काही त्यानं सांगितलं नाही. एकदा माय घरातून निघाली ती सरळ डांबरी सडकेला लागली. पुसेगावकडं चाललेल्या एका टेम्पोवाल्यानं तिला एकटी बघून गाडीत घेतलं, नाव विचारलं, गाव विचारलं. तिनं माहेरचं गाव सांगितलं. त्या भल्या माणसानं तिला तिथं नेऊन सोडलं. तिथं आता ओळखीचं कोण होतं? संध्याकाळी एका म्हातारीनं चेहरा ओळखला आणि निरोप पाठवला, तोवर आमचा जीव टांगणीला लागला होता. घरी आणल्यावर मी मायवर इतका ओरडलो की शेजारी गोळा झाले. ओरडून झाल्यावर परसात जाऊन रडलो, तेही सगळ्यांनी ऐकलं असणार.

तिच्या गळ्यात फोन नंबर असावा, ही कल्पना माझ्या पोरीची. शाळेत त्यांच्या गळ्यात ओळखपत्राची नाडी असते, तसं काहीतरी. तिनं स्वतःची जुनी नाडी आणून आजीच्या गळ्यात घातलीसुद्धा. मायनं ती काढून चुलीत टाकली. प्लास्टिकचा घाण वास घरभर पसरला. मग मी म्हटलं, आपल्या हातात कला आहे ती कशाला? भांड्यावर नावं घालणाऱ्याकडून पितळी बिल्ल्यावर गावाचं नाव आणि माझा नंबर कोरून आणला. कोवळ्या चामड्याच्या, सुतळीपेक्षा बारीक वाद्या कापल्या. त्यांचा गोफ विणला आणि वर बोंड बांधलं, तुरकाठी घालून, तेल लावून. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही.

माय ओट्यावर बसली होती. मी गोफ घेऊन गेलो तशी तिनं हनुवटी वर केली. कुणी शिकवल्यासारखी गपगार बसून राहिली. मी बोंड सरकवून बसवलं. तिनं बोटांनी ते चाचपलं, दाबलं, फिरवून बघितलं. म्हणाली, "कुणी बांधलं?"

"मी."

"हात जड हाय. पण सरकतं."

मी खूश झालो, अहो, शाबासकीच ती! आणि तेवढ्यात ती म्हणाली, "मला बाजारात न्यायचं ठरलं का?"

मला हसू आलं. मी बायकोला हाक मारून सांगितलं, बघ माय कशी थट्टा करून राहिली. बायको हसली नाही. मायही हसत नव्हती.

पण बरे दिवसही गेले, खोटं कशाला बोलू? गल्लीतल्या बाया गोफ बघायला यायच्या आणि माय मान ताठ करून दाखवायची. बोंड वरखाली करत बसायचा तिला छंद लागला. एकदा तर तिनं सगळं बोंड उलगडून टाकलं आणि जिथल्या तिथं परत बांधलं. मी बघतच राहिलो. मुलाचं नाव विसरली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. तिची गाठ माझ्यापेक्षा सरस होती.

घोडं तिथंच पेंड खात होतं. गाठ तिचीच, त्यामुळं ती तिला बांधून ठेवणार कशी? बोंड खाली ओढलं की गोफ ढिला, डोक्यावरून काढला की झालं. कधी गोफ देवळीत सापडायचा, कधी पिठाच्या डब्यात. मी परत घालायचो, ती परत काढायची. आणि दर चार-दोन दिवसांनी तोच प्रश्न, "गिऱ्हाईक बोललं का?" मी चिडून म्हणायचो, "कुणी न्हाई घेऊन राहिलं तुला! गप बस!" ती बिचारी खाली मान घालायची. म्हातारं जनावर कोण घेतो, असं काहीतरी पुटपुटायची. तेव्हा मला तिचा राग यायचा, आणि नंतर माझाच इतका राग यायचा की जेवण जायचं नाही.

एकदा ठरवलं की बास. निरगाठ मारायची. एकदा घट्ट बसली की कापल्याशिवाय निघायची नाही, ओरडू दे काय ओरडायचं ते. वादी भिजवली. तुरकाठी घेतली नाही. माय झोपली होती, मी तिच्या उशाशी बसलो. तिच्या मानेवरची कातडी बघितली, इतकी पातळ की खाली शीर हललेली दिसत होती. मी वादी परत पाण्यात टाकली. बायको दारात उभी होती. म्हणाली, "दाराला कडी लावू आपण. मी लक्ष ठेवते. हे नका करू." वादी तशीच पाण्यात पडून राहिली आणि कुजली.

दाराची कडी आणि बायकोचं लक्ष, यावर आमचं वर्ष निघालं. मग हळदीचे दिवस आले. कुरुंद्याला बायकोच्या भावाची हळद शिजत होती, कढया पेटल्या होत्या, माणसं मिळत नव्हती. बायको सकाळीच गेली. पोरीची परीक्षा होती. मी घरी थांबलो होतो. दुपारी फोन आला, एका पोराला चावीचा गोफ हवा होता, दारातच उभा होता. मी दार उघडलं, त्याच्याशी बोललो, आतून गोफ आणून दिला. दोन घटकांची गोष्ट. आत येऊन बघतो तर परसदार उघडं आणि माय नाही.

आधी परस बघितलं, मग गल्ली, मग देऊळ. मग विहिरीत डोकावून बघितलं. वरून उन्हाचा जाळ. माणसं धावली, कुणी ओढ्याकडं गेलं, कुणी सडकेला. मला एकच आधार वाटत होता, गळ्यात बिल्ला आहे. कुणीतरी वाचेल, फोन करेल. मोबाईल मुठीत धरून मी गोठ्यात आलो, मोटारसायकल काढायला.

किल्ली लावताना वर बघितलं. खुंट्यांच्या रांगेत, आमच्या शेवटच्या बैलाच्या गोफाशेजारी, मायचा गोफ टांगलेला होता. बिल्ला सरळ करून, बोंड वरपर्यंत सरकवून, नीट.

गोठ्यात उभ्या उभ्या मला कळलं की ती कुठं गेली असणार. गोफ खुंटीला टांगला म्हणजे जनावर बाजाराला गेलं. दुसरं कुठं जाणार?

गोफ खिशात घातला आणि जवळा बाजारचा रस्ता धरला. बाजाराचा दिवस नव्हता. जनावरं उभी करायच्या जागेवर चिटपाखरू नव्हतं. पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, वाळलेलं शेण. कडेच्या लिंबाखाली माय उभी होती. बसली नव्हती, उभी होती, अनवाणी. किती वेळ उभी होती देव जाणे. पाय फुफाट्यानं पांढरे झाले होते आणि ओठ कोरडे पडले होते.

मी गाडी टाकून दिली तशीच आणि पळत गेलो. "माय!" म्हणून ओरडलो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परक्या माणसासमोर बाया ओढतात तसा.

"माय, चल घरी." मी खिशातून गोफ काढला आणि तिच्या गळ्यात घालायला गेलो. ती मागं सरकली. दोन्ही हातांनी माझा हात धरला, अगदी अदबीनं.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आमच्या घरचा हाय. गोफ देत न्हाईत आमी. तुमचं तुमी आणा."

मी तिथंच उभा. ऊन डोक्यावर. माझ्या नाकावरचा राग कुठं गेला होता कोण जाणे. मी तिला सांगणार तरी काय होतो? मी तुझा पोरगा आहे? हे तिला हजारदा सांगून झालं होतं. ती नियमानं वागत होती. चुकत मी होतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं.

गोफ खिशात परत ठेवला. रुमालासारखी गळ्यात टाकलेली घामेजलेली दस्ती काढली, झटकली. ती पुढं केली तशी मायनं स्वतःहून मान खाली घातली. मी तिच्या गळ्याभोवती दस्ती गुंडाळली आणि सुरगाठ मारली, सैल. तिनं गाठीवर बोट ठेवलं, ओढून बघितलं. सुटत होती. तिचं समाधान झालेलं दिसलं.

"घर कुठं तुमचं?" तिनं विचारलं.

"जवळच हाय."

"लेकरं हाईत?"

"एक पोरगी हाय."

"बरं हाय. लेकराबाळाचं घर बरं." थोडं चालल्यावर ती थांबली. "आमच्या पोराला एवढं सांगा, गोफ खुंटीला हाय म्हणून. रागीट हाय माझं पोरगं. पण गोफ जपून ठेवल त्यो."

"सांगतो," मी म्हणालो.

गाडीवर मागं बसून तिनं माझा सदरा धरला. वाटेत एकदाच मागं वळून बघितलं, ते मला आरशात दिसलं. गावात पोचलो तोवर बायको कुरुंद्याहून आली होती, हातपाय हळदीनं पिवळे, रडून डोळे सुजलेले. माय उंबऱ्यापाशी येऊन थांबली. आत पाऊल टाकेना. मी बायकोला हळूच सांगितलं, काय झालं ते. ती वळली. आत गेली, तांब्याभर पाणी आणलं, मायच्या पायांवर ओतलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कपाळाला हळद लावली, हातालाच होती ती. विकत आणलेला बैल पहिल्यांदा दारात येतो तेव्हा आमच्याकडं हेच करतात. मग माय आत आली.

तेव्हापासून ती आमच्याकडं असते. दार उघडं ठेवलं तरी कुठं जात नाही. दस्ती गळ्यातून काढत नाही, धुवायला घेतली की रुसते. मला मालक म्हणते. दिलेलं खाते, तकलीफ देत नाही, बायकोला कामात हात लावू का विचारते. मी ओरडणं सोडून दिलं आहे. मालकानं ओरडलं तर ती घाबरेल.

संध्याकाळी दिवे लागले की ती ओट्यावर येऊन बसते आणि हळूच विचारते, "मालक, आमच्या घरून कुणी आलं होतं का?"

"तुमचा पोरगा आला होता," मी सांगतो. "बाजारात भेटला. तुमची खुशाली विचारून राहिला होता."

"गोफ?"

"खुंटीला हाय. तेल लावून ठेवलाय म्हणला."

"मग बरं," ती म्हणते, आणि जेवायला उठते.